गोंगाटही सुरात लावावा लागतो : ‘डूकी’ नावाच्या अल्बमची गोष्ट

पॉप पंक नावाचं संगीत पहिल्यांदाच कानावर पडलेला माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो : “यात काय एवढं? हे तर कुणीही वाजवेल.” त्याच्या नकळत ती दादच असते. दार उघडं होतं, आत डोकावलो, तर तीन पोरं वाजवत बसली होती, असं ऐकणाऱ्याला वाटावं म्हणून या संगीतात बराच घाम गाळलेला असतो. तो नेमका कुठे गळतो हे समजून घ्यायला एकच अल्बम पुरे आहे : ग्रीन डे या अमेरिकन बँडचा ‘डूकी’. तो १ फेब्रुवारी १९९४ रोजी बाजारात आला. १४ गाणी आणि शेवटी दडवून ठेवलेलं आणखी एक, सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत आटोपतं. बिली जो आर्मस्ट्राँग (गळा आणि गिटार), माइक डर्न्ट (बेस, म्हणजे खर्जातली गिटार) आणि ट्रे कूल (ड्रम) हे तिघेही तेव्हा २१ वर्षांचे होते.

आधी हा आवाज कसा तयार होतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

न्यूयॉर्कच्या रमोन्सनी १९७६ साली पहिला अल्बम काढला आणि दोन मिनिटांत संपणारी, सुसाट, तरीही गुणगुणता येणारी गाणी कशी असतात ते दाखवलं. इंग्लंडमध्ये बझकॉक्सनी तसंच काहीसं केलं. पंकचा वेग आणि धसमुसळेपणा तसाच ठेवायचा आणि वर चिकटून बसेल अशी चाल घालायची, एवढीच पॉप पंकची कृती. यात गिटारवर जी कॉर्ड सतत वाजते तिला पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि ती आपल्या सरगमच्या भाषेत फार चटकन समजते. नेहमीची कॉर्ड म्हणजे सा, ग, प एकदम वाजवणं. गंधार शुद्ध असला तर मेजर, कोमल असला तर मायनर. पॉवर कॉर्डमध्ये हा गंधारच गाळून टाकतात. उरतात सा आणि प, फार तर वरचा सा.

गंधार का गाळायचा? कारण गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ढकललं की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर जन्माला येतात. सा आणि प यांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण २ : ३ आहे. तीनातून दोन गेले, उरला एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. दोन तारा वाजवल्या आणि खाली तिसरी फुकटात घुमली. पॉवर कॉर्डचं वजन येतं ते यातून. मध्ये गंधार घातला की या बेरजा-वजाबाक्यांतून नको ते स्वर निघतात आणि सगळा चिखल होतो.

याचा एक छान परिणाम होतो. कॉर्ड हसरी की रडकी हे गंधार ठरवतो आणि तोच गिटारमध्ये नाही. मग ती मोकळी जागा गाणाऱ्याचा गळा भरतो. चाल साधी असूनही कानात रुतते याचं बरंचसं श्रेय मी या मोकळ्या जागेला देतो. ‘डूकी’मधलं ‘बास्केट केस’ हे गाणं आर्मस्ट्राँगने स्वतःला येणाऱ्या भीतीच्या झटक्यांवर लिहिलं, पण चाल मात्र उड्या मारणारी आहे. तिच्या कॉर्डची माळ बरीचशी सतराव्या शतकातल्या पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या ‘कॅनन’सारखी जाते. जिथेतिथे लग्नसमारंभात वाजणारी ती शांत रचना आणि हा धांगडधिंगा एकाच सांगाड्यावर उभे आहेत, हे कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग दोन्ही परत ऐकावी लागली.

आता माणसांकडे वळू. आर्मस्ट्राँग आणि डर्न्ट हे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या भागात वाढलेले शाळासोबती. १९८७ साली त्यांनी ‘स्वीट चिल्ड्रन’ नावाने बँड काढला, १९८९ मध्ये नाव बदललं. त्यांची खरी तालीम झाली ती बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या जागी. १९८६ च्या शेवटच्या रात्री सुरू झालेला हा क्लब स्वयंसेवक चालवतात. तिथे दारू नाही, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही आणि कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश आहे. आणखी एक नियम असा की, मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवता येत नसे. हा नियम लक्षात ठेवा.

ग्रीन डेचे पहिले दोन अल्बम लॅरी लिव्हरमोर यांच्या लुकआउट या छोट्या लेबलवर आले. लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. छोट्या लेबलचा व्यवहार सरळ असे : खर्च काढा, उरलेला नफा वाटून घ्या. ध्वनिमुद्रणाला पैसे कमी, त्यामुळे दिवसही कमी, आणि रेकॉर्ड विकल्या जायच्या त्या ओळखीपाळखीतून, टपालाने आणि दौऱ्यावर. त्यातला दुसरा, १९९२ च्या सुरुवातीला दुकानांत पोचलेला ‘करप्लंक’, या वाटेने इतका खपला की मोठ्या कंपन्यांच्या कानावर त्याची बातमी गेली.

त्या कंपन्या तेव्हा कान टवकारून बसल्याच होत्या. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि गचाळ कपड्यांतली गोंगाट करणारी पोरंही लाखोंनी खपतात हे सिद्ध झालं. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक गोष्ट झाली होती, जिची चर्चा फार होत नाही. तोवर ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची विक्रीची यादी दुकानदारांना फोन करून, त्यांच्या सांगण्यावरून बनत असे. मे १९९१ पासून ती गल्ल्यावर वाचल्या जाणाऱ्या बारकोडवरून, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदीवरून बनू लागली. दुकानदाराला जे खपतंय असं वाटत होतं आणि जे खरोखर खपत होतं यात बरंच अंतर निघालं. कोपऱ्यातल्या संगीताला गिऱ्हाईक आहे हे आकड्यांतून दिसू लागलं, आणि आकडा दिसला की कंपनीचा माणूस गाडी काढतो.

ग्रीन डेच्या बाबतीत हा माणूस होता रॉब कॅव्हालो. वॉर्नर समूहातल्या रिप्राइज या लेबलसाठी तो नवे बँड शोधायचा आणि स्वतः निर्माताही होता. बँडच्या गाण्यांची कच्ची टेप, म्हणजे डेमो, त्याच्या हाती आली. तो बर्कलीला गेला, त्यांच्या तालमीच्या खोलीत बसला आणि गिटार घेऊन त्यांच्याबरोबर बीटल्सची गाणी वाजवू लागला. इतर कंपन्याही मागे होत्या, पण पोरांनी याला निवडलं. संगीतातला निर्माता सिनेमातल्या निर्मात्यासारखा पैसे घालणारा नसतो. त्याचं काम दिग्दर्शकाच्या जवळचं. कुठला टेक, म्हणजे एकदा वाजवून मुद्रित केलेली कुठली खेप, ठेवायची, कुठे कडवं लांबलंय, कधी थांबायचं, हे तो सांगतो.

करारावर सही झाली की बँडच्या हातात पैसे पडतात, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. त्या रकमेला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. तो पगार नाही, बक्षीस नाही. पुढच्या कमाईतून वळती होणारी उचल आहे. कल्पनेतले आकडे घेऊ. समजा, कंपनीने बँडला २ लाख डॉलर उचल दिली. स्टुडिओ, इंजिनीअर, निर्माता हे सगळं त्यातूनच भागवायचं. करारानुसार दर सीडीमागे बँडचा वाटा १ डॉलर. मग पहिल्या २ लाख सीडी खपेपर्यंत बँडच्या हाती या वाट्यातून एक पैसाही नवा येत नाही. तो उचलीत जमा होत राहतो. व्हिडिओच्या खर्चाचा काही भागही बहुधा याच खात्यावर चढतो. दरम्यान कंपनी मात्र प्रत्येक सीडीवर त्याहून कितीतरी जास्त मिळवत असते. अल्बम पडला तर उरलेली उचल साधारणपणे परत मागत नाहीत, हीच काय ती मेहेरबानी. पण पुढच्या अल्बमच्या कमाईतून ती वसूल करायची सोय करारात असते.

यातून सुटलेला एक झरा असतो : गाणं लिहिणाऱ्याची रॉयल्टी. अमेरिकेत तिचा दर कायद्याने ठरतो. १९९४ साली तो पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला दर प्रतीमागे ६.६ सेंट होता. हे पैसे साधारणपणे उचलीत वळते होत नाहीत, पहिल्या सीडीपासून मिळू लागतात. पाच मिनिटांच्या आत सगळी गाणी सारखीच, मग दीड मिनिटाचं असो की साडेचार मिनिटांचं. पंकवाल्यांची चंगळच की! पण कंपन्याही काही दुधखुळ्या नसतात. अनेक करारांत हा दर पाऊणपट करून वर ‘जास्तीत जास्त दहा गाण्यांचेच पैसे’ असं कलम घातलेलं असे. बँड फुटतात तेही पुष्कळदा याच झऱ्यावरून, कारण लिहिणाऱ्याला दोन वाटा आणि नुसता ड्रम वाजवणाऱ्याला एक. ‘डूकी’वर बहुतेक शब्द आर्मस्ट्राँगचे आहेत, पण संगीताचं श्रेय मात्र बँडच्या, म्हणजे तिघांच्या नावे आहे. त्यानंतर तीन दशकं तेच तिघं एकत्र राहिले, हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

स्टुडिओत

१९९३ मध्ये बर्कलीतल्याच फँटसी स्टुडिओत काम सुरू झालं आणि मुख्य ध्वनिमुद्रण सुमारे तीन आठवड्यांत उरकलं. एवढं झटपट, कारण गाणी आधीच लिहून, वाजवून, प्रेक्षकांसमोर घासूनपुसून तयार होती. स्टुडिओत भाडं तासावर चढत असतं. तिथे बसून गाणं सुचायची वाट पाहणं म्हणजे मीटर चालू ठेवून टॅक्सीत झोपणं.

काम सहसा ड्रमपासून सुरू होतं. सगळे मिळून वाजवतात, पण जपून ठेवायचा असतो तो ड्रमचाच टेक. बाकीचं नंतर त्यावर रचत जातात. पाया वाकडा असेल तर वरचं काही सरळ होत नाही. एकेका तबकाला, ढोलाला वेगळा मायक्रोफोन, त्यांची अंतरं, खोलीचा घुमारा, यातच दिवस जातात. ट्रे कूल सरळ ठेका धरून मध्येच भरगच्च तुकडे फेकतो आणि समेवर बिनचूक परत येतो. ऐकताना हे वेंधळं वाटतं. वाजवून बघायला गेलं की कळतं.

मग बेस, मग गिटार. तिघांच्या बँडमध्ये गिटार एकच, तरी रेकॉर्डवर ती भिंतीसारखी ऐकू येते. याचं गुपित असं की, गिटारवादक तोच भाग पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. एक टेक डाव्या स्पीकरला, दुसरा उजव्याला. माणूस दोनदा अगदी हुबेहूब वाजवू शकत नाही. क्षणाच्या शतांशाचे फरक राहतात आणि त्या फरकांतून कानाला रुंदी जाणवते. एकाच टेकची नक्कल करून दोन्हीकडे लावली तर रुंदी येत नाही, आवाज फक्त मोठा होतो. पण दुसऱ्या टेकमध्ये जरा जास्त घसरलं, तर भिंतीऐवजी ढिगारा. म्हणजे बेफिकीर वाटणारा हा आवाज काढायला हात घड्याळासारखा चालावा लागतो.

रचनेतली हुशारीही ऐकण्यासारखी आहे. ‘लाँगव्ह्यू’च्या कडव्यांत गिटार गप्प असते. डर्न्टचा बेस डुलत डुलत चाल सांभाळतो, आणि ध्रुवपद आलं की गिटार अंगावर कोसळते. ‘बास्केट केस’ची सुरुवात नुसत्या गळ्याने आणि दाबून वाजवलेल्या गिटारने होते. तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलं की आवाज कोंडल्यासारखा येतो. हात उचलला की तोच आवाज मोकळा फुटतो. ड्रम नंतर येतात. मोठा आवाज मोठा वाटावा म्हणून आधी लहान आवाज ऐकवायचा असतो. सगळंच पहिल्यापासून मोठं असेल तर मोठं काहीच राहत नाही, आणि नंतरच्या वर्षांत या वाटेने गेलेल्या किती बँडांना एवढं साधं सुचलं नाही!

गाण्याचं काम आर्मस्ट्राँगने दोनेक दिवसांत संपवलं. बरेचसे टेक पहिल्याच फटक्यात झाले.

पण काम संपलं असं वाटत असताना खरी पंचाईत झाली. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे घेतलेले ट्रॅक एकमेकांच्या प्रमाणात बसवणं. कोण पुढे, कोण मागे, कुणाचा कुठला कंगोरा घासायचा. पहिलं मिक्स ऐकून बँडचं मन भरेना. त्यांना आवाज कोरडा हवा होता, म्हणजे घुमारा कमी, वाजवणारे समोर हातभर अंतरावर असल्यासारखे. कॅव्हालोलाही ते पटलं आणि सगळं पुन्हा मिक्स झालं. या कामात जेरी फिन नावाचा तरुण इंजिनीअर होता. पुढे ब्लिंक-१८२ सारख्या बँडांचे अल्बम घडवून त्याने पॉप पंकचा चकचकीत आवाज जवळजवळ ठरवूनच टाकला. ‘डूकी’ मात्र अजून चकचकीत नाही. त्यात कपडा इस्त्रीचा आहे, पण अंगावर चुरगळून घातलेला. दुसऱ्या मिक्सला पैसे आणि वेळ खर्च करू देणं, ही मला या अल्बमच्या बाबतीत मोठ्या कंपनीची सगळ्यात मोठी देणगी वाटते. छोट्या लेबलवर पहिलंच मिक्स छापलं गेलं असतं.

मास्टरिंग हा शेवटचा हात. गाणी एका पातळीवर आणायची, त्यांच्यामधलं अंतर ठरवायचं, गाडीत, घरात, रेडिओवर सगळीकडे ठीक वाजेल असं बघायचं. झालं.

नावाचीही गंमत आहे. ‘डूकी’ म्हणजे लहान मुलांच्या बोलीत ‘शी’. दौऱ्यावर अरबटचरबट खाऊन पोटं बिघडायची, त्यावरून पोरांनी अल्बमचं नाव याहून ‘पातळ’ ठेवायचं योजलं होतं. ते फारच किळसवाणं ठरल्यावर विशेषण गळालं. मुखपृष्ठ त्यांच्याच गोतावळ्यातल्या रिची बुचर या चित्रकाराने काढलं. बर्कलीच्या रस्त्यावर कुत्रे बॉम्बसारखी ‘शी’ फेकताहेत आणि गर्दीत ओळखीचे चेहरे लपलेत. मागच्या बाजूच्या फोटोत मुलांच्या एका टीव्ही मालिकेतली बाहुली दिसायची. नंतरच्या छपाईत ती पुसून टाकली.

दुकानात गेल्यावर

१ फेब्रुवारी १९९४ हा मंगळवार होता. अमेरिकेत तेव्हा नवे अल्बम मंगळवारीच निघत, म्हणजे सगळीकडच्या दुकानांत माल आधी पोचून एकाच दिवशी विक्री सुरू व्हावी. २०१५ पासून जगभर शुक्रवार झाला. अल्बमच्या आगेमागे एकेक गाणं सुटं काढून रेडिओला आणि एमटीव्हीला द्यायचं. त्याला सिंगल म्हणतात. पहिलं सिंगल ‘लाँगव्ह्यू’. त्याचा व्हिडिओ बँड जिथे राहत होता त्या तळघरातच चित्रित झाला. मग ‘बास्केट केस’, मग ‘वेलकम टू पॅराडाइज’, जे खरं तर ‘करप्लंक’मधलंच गाणं पुन्हा मुद्रित केलेलं, मग ‘व्हेन आय कम अराउंड’. जवळपास वर्षभर दर काही महिन्यांनी चुलीत एक लाकूड. बिलबोर्डच्या यादीत अल्बम सावकाश चढत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

दरम्यान पोरं गावोगाव वाजवत फिरत होती, तीही जुन्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून. ती गाडी ट्रे कूलच्या वडिलांनी दुरुस्त केली होती आणि चालवायचेही तेच. ऑगस्टमध्ये वुडस्टॉक या गाजलेल्या संगीत महोत्सवाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त न्यूयॉर्क राज्यात सॉगर्टीझला महोत्सव झाला. पावसाने मैदानाचं डबकं झालेलं. प्रेक्षकांनी बँडवर चिखल फेकला, बँडने परत फेकला, लोक मंचावर चढले, आणि त्या गोंधळात एका सुरक्षारक्षकाने डर्न्टलाच घुसखोर समजून आडवा पाडला. त्याचे दात मोडले. हे सगळं टीव्हीवर दिसलं. अशी प्रसिद्धी कुठल्याही कंपनीला पैसे मोजून विकत घेता आली नसती. १९९५ मध्ये सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमीही मिळालं.

अल्बम किती खपला हे सांगताना ‘डायमंड’ वगैरे शब्द येतात, त्यांचा अर्थही सांगतो. अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांची संघटना हे दाखले देते : ५ लाखांना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम, १ कोटीला डायमंड. मोजणी मुळात दुकानांकडे रवाना झालेल्या आणि परत न आलेल्या प्रतींची. आता स्ट्रीमिंगही धरतात. १,५०० वेळा ऐकलं की एक अल्बम. ‘डूकी’ १९९९ मध्ये डायमंड झाला आणि २०२४ मध्ये २ कोटींच्या टप्प्यावर पोचला. त्याच १९९४ सालच्या एप्रिलमध्ये द ऑफस्प्रिंगचा ‘स्मॅश’ एपिटाफ या स्वतंत्र लेबलवरून निघाला आणि तोही कोटीच्या घरात खपला. म्हणजे मोठ्या कंपनीवाचून हे अशक्यच होतं, असंही नाही.

आणि तो गिलमनचा नियम. रिप्राइजशी करार होताच ग्रीन डेला घरचं दार बंद झालं. जुन्या मंडळींच्या लेखी ते विकले गेले होते. त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. ज्या जागेने फुकट मंच दिला, तिच्या नियमांवरच ती जागा टिकून होती. पण स्वतंत्र लेबल म्हणजे सचोटी आणि मोठी कंपनी म्हणजे लबाडी, हे समीकरणही पुढे टिकलं नाही. रॉयल्टी थकल्यामुळे ग्रीन डेने २००५ मध्ये आपले जुने अल्बम लुकआउटकडून काढून घेतले आणि २०१२ मध्ये ते लेबल बंद झालं.

ऑक्टोबर १९९५ च्या पुढच्या अल्बमवर ‘८६’ नावाचं एक गाणं आहे. अमेरिकन बोलीत एखाद्याला ‘एटी-सिक्स’ करणं म्हणजे बाहेर काढून परत येऊ न देणं. ते गिलमनवरच लिहिलेलं आहे. मे २०१५ मध्ये ओकलंडमधल्या आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशन संस्थेच्या मदतीसाठी ग्रीन डे २२ वर्षांनी त्या मंचावर परत वाजवायला उभा राहिला. क्लबचा नियम तेव्हाही कागदावर तोच होता. त्या एका रात्रीपुरता अपवाद केला.